सिस्टरबाई आत येत नाहीत

रविवारी सकाळी आमच्या चर्चमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक माणसाला आधी सिस्टरबाईंना तोंड द्यावं लागे. पहिली घंटा व्हायच्या आत त्या हजर असत. मिशनच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त होताना हक्कानं मागून आणलेलं पांढरं लोखंडी स्टूल पायरीच्या उजव्या हाताला मांडत, पदर सारखा करत आणि दाराकडे तोंड करून बसत. आत येत नसत. उपासना संपून शेवटचा माणूस घरी जाईपर्यंत त्या तिथंच. मी मंडळीचा सेक्रेटरी, हायस्कुलात भूगोल शिकवून रिटायर झालेला. गायनाचं पुस्तक नाही तर दानपेटीची किल्ली मी हमखास घरी विसरायचो, म्हणजे मला त्यांच्यासमोरून तीन-तीनदा जावं लागे. "विसरलासा न्हवं मास्तर? जावा, आना. मी हाय हितंच," असं त्या म्हणत आणि त्यातलं ते "हितंच" दुपारी जेवतानासुद्धा माझ्या डोक्यातून जात नसे.

आमचं गाव तासगावहून पूर्वेला, एसटीनं तासाभराच्या अंतरावर. चर्च मिशनच्या जमान्यातलं. दीड हात जाडीच्या काळ्या दगडाच्या भिंती, वर सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौलं. आत दोन्ही बाजूंना बाकं, आणि प्रत्येक बाकाच्या पाठीवर एक पितळी पट्टी. अमक्याच्या स्मरणार्थ, तमक्याच्या कुटुंबाकडून. ज्याच्या आजोबांची पट्टी त्याचं बाक, असा नियम कुणी कधी केला नाही, पण मोडलाही नाही. पहिलं बाक सुभेदारांचं, उत्तरेच्या भिंतीला लागून. तिसरं आमचं. दुसऱ्यावर सिस्टरबाईंच्या वडिलांचं नाव, ते दवाखान्यात कंपाउंडर होते. त्या बाहेर बसायला लागल्यावर हे दुसरं बाक रिकामं पडलं, तरी त्यावर बसायची कुणाची छाती झाली नाही. आम्ही त्यावर छत्र्या ठेवायचो.

भांडण सुरू झालं ते कोरोनानंतर. टाळेबंदी सैल झाली तेव्हा आम्ही चर्चच्या आवारात, कडुनिंबाखाली उपासना घ्यायचो. सतरंज्या अंथरायच्या आणि लांब-लांब बसायचं. गेल्या काही वर्षांत आमच्याकडं द्राक्षबागा वाढल्या, बेदाण्याच्या शेड उभ्या राहिल्या आणि जतकडून, सीमेपलीकडून कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं कामाला येऊन इथंच राहिली. ती सगळी माणसं एकत्र मला त्या कडुनिंबाखाली पहिल्यांदा दिसली. सुभेदारांच्या शेजारी बागेतला मजूर, माझ्या बायकोशेजारी रुथाक्का, जी बेदाण्याच्या शेडवर काड्या वेचायची आणि मराठी कानडीच्या चालीवर बोलायची. मग आत बसायची परवानगी आली. आम्ही जुनी घरं सवयीनं आत गेलो, आपापल्या बाकावर टेकलो आणि बाकं संपली. बाकीची मंडळी पायऱ्यांवर आणि झाडाखाली राहिली. कुणी कुणाला हाकललं नव्हतं, आणि म्हणूनच कुणाला काही चुकल्यासारखंही वाटलं नाही. पुढच्या रविवारी सिस्टरबाई स्टूल घेऊन आल्या.

पाळकसाहेब त्यांना आत न्यायला स्वतः बाहेर आले. "सिस्टर, तुमची जागा आहे की आत."

"माझी हाय," त्या म्हणाल्या. "ह्या रुथाक्काची कुठं हाय?"

पाळकसाहेब म्हणाले, करू काहीतरी.

"करा की. समद्यांना आत जागा झाली की मला हाक मारा. तवर मी हितं बरी हाय. वारं तरी लागतंय."

आम्हाला वाटलं, दोन रविवार बसतील. पावसाळा आला, त्या छत्री घेऊन बसल्या. नाताळची थंडी आली, त्या स्वेटर घालून बसल्या. उन्हाळ्यात त्यांनी स्टूल सावलीबरोबर सरकवलं, पण दारासमोरून हलवलं नाही. आतून कुणी पाणी पाठवलं तर विचारायच्या, "समद्यांना पाठीवलंय का मला एकटीलाच?"

बाहेर बसल्या म्हणून गप्प बसल्या असं मात्र समजू नका. नर्स लोक छातीवर उलटं घड्याळ टाचतात, तसं त्यांचं अजून टाचलेलं असायचं. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की बाहेरून आवाज यायचा, "आवं साहेब, पोरांच्या डोक्यावर ऊन आलं! आटपा!" आणि आटपायचे हो, पाळकसाहेब आटपायचे. आवाज चढवायची सोय कुणालाच नव्हती. माझ्या दोन्ही मुली सिस्टरबाईंच्या हातावर झाल्या. कमिटीतली तरुण मुलं तर सगळी त्यांनीच जगात आणलेली. एकदा त्यातला एक जरा तावातावानं बोलायला लागला, तेव्हा चारचौघांत म्हणाल्या, "तू रडत नव्हतास म्हणून तुला पाय धरून उलटा केलेला मी. आता बोलायला लागलास व्हय रं?" तो बिचारा घरी गेला.

अखेर कमिटीनं ठरवलं की काहीतरी करायचंच. सुभेदार अध्यक्ष. ते सैन्यातून आलेले, त्यांना अर्धंमुर्धं काम आवडत नाही. त्यांनी सांगलीहून एक इंजिनिअर आणला. त्यानं चर्चभोवती एक फेरी मारली, भिंतीवर दोन थापा मारल्या आणि सांगितलं की हे सगळं पाडा. वर स्लॅबचा मोठा हॉल काढू, खाली रस्त्याच्या बाजूला शटरचे गाळे. सुभेदार खूश. मीही खूश होतो, लपवत नाही. मिनिटबुकात ठराव मी माझ्या अक्षरात लिहिलासुद्धा. एवढ्यात खिडकीत सिस्टरबाई दिसल्या. कमिटीत त्या नव्हत्या, त्यामुळं खिडकी ही त्यांची नेहमीची जागा.

"खाली गाळं म्हंजे काय काय येनार?"

इंजिनिअर म्हणाला, "काहीही, आजी. मोबाइल, झेरॉक्स..."

"म्हंजे मी वर गुडघं टेकायचं आणि खाली आधार कार्डाच्या कॉप्या निघायच्या?"

कुणीतरी हसलं. सुभेदारांनी टेबलावर हात आपटला. "सिस्टर, इमोशनल होऊ नका. लोकांना जागा पाहिजे, तुम्हीच म्हणता. पाडल्याशिवाय जागा कुठून येणार?"

त्यावर सिस्टरबाई जे बोलल्या ते मला शब्द न् शब्द आठवतं. "साहेब, चाळीस वर्सं बाळंतपणं केली मी. मूल अडलं तर पोट उघडत्यात, मूल काढत्यात, टाकं घालत्यात आणि बाईला जिती घरी धाडत्यात. बाई मारून मूल काढनारा डॉक्टर मी अजून बघितला न्हाई. भिंत उघडा. एकच भिंत, उत्तरंची. बाकीच्याला हात लावायचा न्हाई."

ही कल्पना त्यांच्या डोक्यात कधीपासून होती देव जाणे. उत्तरेची भिंत तीन कमानींनी उघडायची, तिचेच दगड वापरून बाहेर एक लांब पडवी काढायची, पडवीवरही कौलं. त्यांनी दवाखान्याच्या जुन्या केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलं होतं. इंजिनिअर म्हणाला, असल्या भिंतीला भगदाड पाडलं तर छप्पर खाली येईल, मी सही करणार नाही. सिस्टरबाई म्हणाल्या, "नका करू. सही करनारा आनते." त्या दुसऱ्या दिवशी एसटीनं म्हसवडकडं गेल्या.

सही करणारा नाही आणला, काम करणारा आणला. बिरा गवंडी, धनगराचा माणूस, सिद्धनाथाचा भक्त, माणच्या बाजूला जुन्या देवळांच्या ओवऱ्या आणि कमानी दुरुस्त करण्यात त्याची उमर गेली होती. त्याच्या बायकोचं अवघड बाळंतपण कधीकाळी सिस्टरबाईंनी केलं होतं, एवढ्या ओळखीवर तो आला. त्यानं इंजिनिअरसारख्या थापा मारल्या नाहीत. भिंतीला कान लावला, बोटानं सांध्यातला चुना उकरून जिभेवर ठेवला, थुंकला आणि म्हणाला, "लय दणकट हाय भिंत. एका वक्ताला एकच कमान फोडायची, वर लोखंडी गर्डर, खाली लाकडाचं टेकू. घाई केलीसा तर मात्र मी न्हाई." पुढं सहीसुद्धा मिळाली, सातारच्या एका म्हाताऱ्या आर्किटेक्टनं येऊन, बिराशी दोन तास बोलून दिली. पैसे कसे जमले ही वेगळी कटकट, ती इथं नको.

बिराची एकच अट होती. देवाच्या घराच्या भिंतीला हात लावायचा म्हणजे आधी नारळ फुटला पाहिजे. झालं! कमिटीत गदारोळ. चर्चमध्ये नारळ? व्हॉट्सअॅप ग्रुपवर बायबलमधली वचनं पडायला लागली. सिस्टरबाईंनी बिराला फाटकाबाहेर नेलं, तिथं त्याला नारळ फोडायला लावला, आणि फाटकाच्या आत पाळकसाहेबांना प्रार्थना करायला लावली. मग नारळाचे तुकडे सगळ्यांना वाटले. सुभेदार घेईनात. "खावा हो," त्या म्हणाल्या. "खोबरं हाय. मानसाला त्याच्या देवाला विचारून कामाला लागू दे. आपल्या देवाला काय राग येनार न्हाई, त्यो तुमच्यासारखा न्हाई."

पण खरा तमाशा दुसऱ्या दिवशी झाला. बिरा त्याची माणसं घेऊन आला तर सुभेदार आपल्या बाकावर बसलेले. ते बाक उत्तरेच्या भिंतीलाच टेकलेलं, ते हलल्याशिवाय पहिली कमान फोडता येणार नव्हती. सुभेदार म्हणाले, "ही माझ्या बापाची पोझिशन आहे. मी हलणार नाही." आम्ही समजावलं, पाळकसाहेबांनी समजावलं. सुभेदार हाताची घडी घालून बसलेले. बाहेर स्टुलावर सिस्टरबाई, आत बाकावर सुभेदार, मध्ये आम्ही येडबंबू. "बसू द्या," सिस्टरबाई बाहेरून म्हणाल्या. "मला म्हाईत हाय बसनं काय असतंय ते."

दुपारी एकच्या सुमाराला सुभेदारांना घाम फुटला, हात थरथरायला लागले. त्यांना साखरेचा आजार, सकाळी गोळी घेऊन काही न खाता येऊन बसलेले. मी बाहेर धावलो. सिस्टरबाईंनी एका हातानं स्टूल मागं ढकललं आणि आत शिरल्या. होय, आत शिरल्या, इतक्या महिन्यांनी. कुणाच्या लक्षातही आलं नाही. रुथाक्काच्या डब्यातला गूळ सुभेदारांच्या तोंडात घातला, मान धरली, पाणी पाजलं, बोट टोचून पिशवीतल्या मशीनवर साखर बघितली. सुभेदार डोळे उघडून बोलायला लागल्यावर मी आणि दोन पोरांनी त्यांना धरून बाहेर नेलं. बाक रिकामं झालं. बिराच्या माणसांनी ते उचलायला हात घातला.

"ठेवा!" सिस्टरबाई ओरडल्या. मी त्यांना इतकं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "मानूस आजारी पडला म्हनून त्याच्या माघारी त्याचं बाक हलवनार? लाज न्हाई वाटत? बिरा, आज सुट्टी."

आणि पुन्हा बाहेर जाऊन स्टुलावर बसल्या. मला तेव्हा वाटलं, ही बाई वेडी आहे. हातातोंडाशी आलेलं काम घालवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सुभेदार आले, त्यांचा मुलगा बरोबर. दोघांनी मिळून बाक उचललं आणि समोरच्या, दक्षिणेच्या भिंतीला नेऊन ठेवलं. सुभेदार बिराला फक्त म्हणाले, "कॅरी ऑन."

मग काम चाललं. निघालेला प्रत्येक दगड कुठला, वरचा की खालचा, हे लिहून ठेवायला पाहिजे होतं, कारण बिरा ते त्याच थरात परत बसवणार होता. खडू पावसानं जाईल म्हणून सिस्टरबाईंनी दवाखान्यातली चिकटपट्टी आणून दगडांना नंबर लावले. "बेड नंबर धा, थर तिसरा," असं त्या सांगायच्या आणि रुथाक्का आणि शेडवरच्या बायका कामावरून सुटल्या की येऊन दगड घासायच्या, ओळीनं मांडायच्या. तिन्ही कमानी उभ्या राहिल्या. कौलाचा एक तुकडासुद्धा खाली आला नाही. इंजिनिअर एकदा रस्त्यावरून जाताना मोटारसायकल थांबवून बघून गेला. सिस्टरबाईंनी त्याला हात केला. त्यानं केला नाही.

पडवी पुरी झाली आणि आम्ही समर्पणाची उपासना ठेवली. आता मी काय केलं ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय सिस्टरबाई कळणार नाहीत. मी सेक्रेटरी, व्यवस्था माझ्याकडं. मी पडवीत नव्या खुर्च्या मांडल्या, तिथं आतल्यापेक्षा चांगले पंखे लावले, पाण्याचा जार ठेवला, आणि मधल्या कमानीवर माझ्या हातानं सुबक अक्षरात एक बोर्ड रंगवून लावला: "नवीन मंडळींची आसनव्यवस्था." आमच्याकडं पाहुण्यांना चांगलं ते द्यायची रीत आहे. मला वाटलं, मी फार मोठ्या मनाचं काम केलंय. आत आमची बाकं जशीच्या तशी, पट्ट्यांसकट.

फीत कापली, पाळकसाहेबांनी बाहेर येऊन हाक मारली, "सिस्टर, चला. झाली सगळ्यांना जागा." टाळ्या पडल्या. त्या उठल्या, आत आल्या, कमानींवरून हात फिरवत पडवीपर्यंत गेल्या. रुथाक्का आणि सगळी नवी माणसं तिथं खुर्च्यांवर नीट बसलेली, हात मांडीवर. सिस्टरबाईंनी बोर्ड वाचला. मग माझ्याकडं बघितलं.

"तुमचं अक्षर न्हवं ह्ये?"

मी म्हटलं, "होय."

"लय झ्याक हाय," त्या म्हणाल्या, आणि चालत बाहेर गेल्या. पुन्हा स्टुलावर.

मी संतापलो. खरंच संतापलो. सांगलीहून आलेले मोठे पाहुणे व्यासपीठावर बसलेले, आणि ही बाई सगळ्यांसमोर आमची शोभा करते! मी त्यांच्या मागून बाहेर गेलो. म्हटलं, "सिस्टरबाई, हे अती झालं. तुम्ही म्हणालात जागा करा, केली. चांगल्यात चांगली केली. आता आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

त्या शांत होत्या, त्यानं मी जास्तच चिडलो. "मास्तर, तुमी पडवी आत घेतली. मानसं भाईरच हायती."

"खुर्च्या आहेत, पंखे आहेत, पाणी आहे..."

"व्हय. पाव्हण्याला करावं तसं समदं केलंसा. रुथाक्का हितं सात वर्सं हाय. तिची पोरगी हितं बाप्तिस्मा घेतली. ती कवापातुर तुमची पाव्हणी? पाव्हणा किती दिस ऱ्हातो तुमच्यात? मला सांगा, तिच्या पोरीचं लगीन झालं, तिला पोर झालं, ते पोर कुठं बसनार? त्या बोर्डाखाली? नवीन म्हनून?" मग म्हणाल्या, "तुमाला राग आलाय. येऊ दे. मलाबी लय आलाय."

मी आत गेलो. पाहुण्यांचं भाषण चालू होतं. मी खुर्ची घेतली, कमानीपाशी ठेवली, चढलो आणि सगळ्यांसमोर बोर्ड उतरवला. खिळा निघेना तर ओढून काढला. पाहुणे थांबले, मग पुन्हा सुरू झाले. सुभेदार माझ्याकडं असं बघत होते, जणू मी बंदूक टाकून पळालोय.

बोर्ड निघाला, पण माणसं तिथंच बसत राहिली. सवय कुठं खिळ्याला टांगलेली असते? पुढच्या रविवारी मी बायकोला म्हटलं, आपण पडवीत बसू. तिनं तिथल्या तिथं मला फैलावर घेतलं. "या बाकावर तुमच्या आईनं जीव सोडायच्या आधी शेवटचं प्रभुभोजन घेतलंय." म्हटलं, म्हणूनच. आम्ही पडवीत जाऊन बसलो आणि मी रुथाक्काला आमच्या बाकाकडं हात केला. ती उठली, बाकापर्यंत आली, पितळी पट्टीवरचं माझ्या आजोबांचं नाव वाचलं आणि तशीच उभी राहिली. सगळं चर्च बघत होतं. गायन थांबलं होतं. तिची मान खाली गेलेली, मला वाटलं ही आता रडते. तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला, "बस गं! बाक हाय त्ये, तापल्याला तवा न्हवं!"

अख्खं चर्च हसलं. रुथाक्का बसली. कडेला, अर्धी, उठायच्या तयारीत, पण बसली. पुढच्या आठवड्यात सुभेदारांच्या बायकोनं शेडवरच्या दोघींना आपल्या बाकावर बोलावलं. सुभेदार भिंतीकडं बघत राहिले. दोन घरं रागावून सांगलीच्या चर्चला जायला लागली, आणि थोड्या दिवसांनी एक परत आलं. दुसरं आलंच नाही. पट्ट्या आम्ही काढल्या नाहीत. सिस्टरबाईच म्हणाल्या, "नावं ऱ्हाऊ द्या. मेलेल्यांचा कुनाला तरास न्हाई."

त्या स्वतः कधी आत आल्या हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. एका रविवारी मी किल्ली विसरून परत आलो तर दाराशी कुणी टोकलं नाही. स्टूल नव्हतं. आत बघतो तर सिस्टरबाई पडवीत मागच्या रांगेत, तीन पोरांच्या मध्ये, एकाचं शेंबडं नाक पुसत होत्या. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर पुन्हा बाहेर गेल्या असत्या, काय सांगावं!

यंदा उन्हाळ्यात त्या आजारी पडल्या. आम्ही सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला निघालो तर त्यांनी ज्या वॉर्डात जन्मभर काम केलं तिथंच राहायचं ठरवलं. "सांगलीत मला कोन वळखतंय? हितं निदान सुई टोचनारीला बोलता येतंय." मी भेटायला गेलो की त्या एकच विचारत, रविवारी कुणाला उभं राहावं लागलं का. मी म्हणायचो, नाही. "खोटं बोलू नका मास्तर, तुमचं कान लाल हुत्यात." मग मला कबूल करावं लागे की पडवीही भरायला लागलीय, मागं दहा-बारा माणसं उभी असतात. त्या अंगात ताप असताना उशीवरून मान उचलून म्हणाल्या, "मग? दक्षिनंची भिंत कुनासाठी ठेवलीया?"

चार दिवसांनी त्या गेल्या. मी खूप रडलो. भांडायला आता कोण आहे मला?

अंत्यविधीच्या दिवशी चर्च, पडवी, आवार, सगळं भरलं. म्हसवडहून बिरा आला होता, हातात फेटा धरून कमानीखाली उभा. सिस्टरबाईंनी लग्न केलं नव्हतं. पुण्याचा एक पुतण्या तेवढा सख्खा, त्याची गाडी वाटेत अडकली म्हणून आम्ही थांबलो होतो. आमच्यात रिवाज आहे, शवपेटीसमोरची पहिली बाकं नातलगांसाठी सोडायची. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणं सांगितलं, "जवळच्या नातलगांनी पुढं यावं." मला वाटलं बाकं रिकामी राहतील आणि बघायला वाईट दिसेल. पण पडवीतून रुथाक्का उठली आणि पुढं येऊन कंपाउंडरच्या नावाच्या बाकावर मधोमध बसली. तिच्यामागून शेडवरच्या बायका, बागेतली माणसं, पोरं. पहिली चार बाकं खच्चून भरली.

आणि तेव्हा पुतण्या आला. घामाघूम, डोळे सुजलेले. सेक्रेटरी म्हणून मीच पुढं झालो. वाकून, हळू आवाजात रुथाक्काला म्हटलं, "अक्का, सिस्टरबाईंचा सख्खा पुतण्या आलाय. जरा जागा देता का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मान वर, डोळे लाल. "मी उठनार न्हाई मास्तर," ती म्हणाली, दबक्या आवाजात नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सरकते." आणि ती सरकली, तिच्या शेजारची सरकली, त्या टोकापर्यंत सगळ्या सरकल्या. पुतण्या त्यांच्यात दाटीवाटीनं बसला आणि रुथाक्कानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मी वळलो तर माझ्या तिसऱ्या बाकावरही जागा नव्हती. पडवीतही नव्हती. सुभेदार आधीच मागं भिंतीशी ताठ उभे होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. दीड तास उपासना चालली आणि सबंध वेळ मी उभा होतो, जन्मात पहिल्यांदा. पाय दुखले. दुखू देत.